चूलबंद आवतण

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला एडीएचडी आहे. लहानपणापासूनच असणार." मी म्हटलं, "मग चाळिशी उलटल्यावर कसं सापडलं?" त्यांनी पुष्कळ समजावून सांगितलं, मीही मन लावून मान हलवली. घरी येऊन पर्स उघडली, तर त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट आत. बोलता बोलता हातात घेतला असणार. देवाशपथ, चोरी नव्हती.

मी माजलगावात शाळेत शिकवते. संध्याकाळी एसटीत बसायचं आणि घरी, तेलगावला उतरायचं, एवढं सोपं काम. खिडकीतून बघता बघता तेलगाव मागे पडतं आणि सिरसाळा येतं. कंडक्टर आता मला तेलगाव यायच्या आधीच हाक मारतो.

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांना आजाराचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "ध्यान न्हाई म्हण की सरळ. त्याला इंग्रजी कावून?" तेव्हापासून घरातलं एकही महत्त्वाचं काम माझ्याकडे आलं नाही. आलं ते थेट नातीच्या बारशाला. अक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बारसं आमच्या दारात, सासरची मंडळी येणार. सगळे कामात बुडालेले, म्हणून गल्लीत आवतण द्यायला मला धाडलं.

"भावकीला चूलबंद," अक्कांनी बजावलं. म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. "बाकी गल्लीला घरटी एक माणूस. ऱ्हाईल का ध्यानात?"

"अक्का, मी काय कुकुलं बाळ हाय?"

भावकीत बरोबर सांगितलं. पुढच्या घरी शेळी व्यायलेली. करडं इतकी गोड, की मी मांडी घालून बसलेच. निघताना त्या बाईनं विचारलं, "मग किती जणांनी यायचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चूलबंद!" तिचा चेहरा असा खुलला, की मला भारी वाटलं. पुढच्या दारातही तेच निघालं. मग काय, जीभ सुटली ती सुटलीच.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "बरोबर सांगितलंस ना?" मी म्हटलं, "तर!" खोटं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं.

बारशाच्या दिवशी अक्का ओट्यावर आल्या आणि तिथंच थबकल्या. गल्लीतून म्हाताऱ्या, सुना, काखेतली पोरं, सगळी वरात आमच्याकडे. "अगं बया! हे आख्खं गाव कावून लोटलंय?" मग माझ्याकडे बघितलं. दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"माझ्या पोरीला सासरी आधीच वेंधळी म्हणत्यात. आज व्याह्यांसमोर जेवण कमी पडलं तर जलमभर टोमणे खाईल ती. जीव घेतलास गं माझा!"

त्या रडायलाच लागल्या. पोरीचा संसार आणि माझी जीभ! लाज वाटली, फार लाज वाटली.

पण माझ्या डोक्याची एक गंमत आहे. एरवी तिथं आठवडी बाजार भरलेला असतो. खरंच आग लागली की एकदम चिडीचूप. सगळं लख्ख दिसतं. आज गल्लीतल्या सगळ्या शेगड्या रिकाम्या आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

मी ओट्यावर उभी राहिले. "बायांनो, घरी जा आणि गॅस पेटवा! भाकरी तुमच्या, पिठलं आमचं!"

"आवतण देऊन कामाला लावती व्हय गं?" एक म्हातारी ओरडली. हशा पिकला, आणि उठल्या की सगळ्या. घटकाभरात गल्लीभर भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला.

विहीणबाई बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"आमच्याकडची रीतच हाय," मी तोंड सरळ ठेवून सांगितलं. "लेकराच्या नावानं हर घरातून भाकर येती."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. विहीणबाईंनी पदर खोचला. "लई चांगली रीत हाय. मग आजीच्या हातची एक नको का?" आणि शेजारच्या घरात जाऊन चक्क भाकरी थापायला बसल्या. सगळे पोटभर जेवले. बुंदीसुद्धा उरली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. अक्का शेजारी येऊन बसल्या. आता शिव्या, म्हणून मी मान खाली घातली.

"तुझं ते जे काय हाय," त्या हळूच म्हणाल्या, "ते पोरींना बारीकपणापासून असतं का?"

"असतं की."

आत त्यांची लेक पाळण्याजवळ काहीतरी शोधत होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"रोज डबा इसरून यायची. वह्या इसरायची. मला वाटायचं, मुद्दाम करती." त्यांनी पदर तोंडाला लावला. "लई मारलंय गं मी तिला."