हार न घातलेली नावं

रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली एक दगडी स्तंभ आहे. युद्धात कैद झालेल्या या गावच्या सात जवानांची नावं त्यावर कोरली आहेत. ते परत आले नाहीत आणि ते गेल्याची खबरही कधी आली नाही. अशा ठिकाणी रिकाम्या हातानं जायला मला आवडत नाही, म्हणून मी फाट्यावरून झेंडूचा हार घेतला होता.

तो घालायला गेलो, तर शेजारच्या चहाच्या टपरीतून एक म्हाताऱ्या बाई ओरडल्याच, "हार नका घालू! नावाला हार माणूस गेल्यावर घालतात."

मी ओशाळून हात मागे घेतला. त्या पदराला हात पुसत जवळ आल्या. "दुसरं नाव माझ्या सासऱ्यांचं. सासूबाई शेवटपर्यंत कुंकू लावत होत्या. त्या गेल्या तेव्हा आम्ही त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली."

खरं सांगायचं तर आपण स्मारकं बांधतो ती विषय संपवायला. तारीख कोरली, हार घातला, की आपण मोकळे. इथे तारीखच नव्हती. सासरे आज किती वर्षांचे असते, हे मी मनात मोजायला लागलो आणि मलाच लाज वाटली.

पायथ्याशी पाण्याचा एक तांब्या होता. बाईंनी त्यातलं कालचं पाणी कडुनिंबाला ओतलं आणि ताजं भरून ठेवलं.

"कुणाला प्यायला?" मी विचारलं.

"पाय धुवायला," त्या म्हणाल्या. "लांबून यायचेत."