बिनचूक पाठांतर

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दिल्लीतल्या आमच्या सरकारी कॉलनीत त्यांची पूजा सगळ्यांना ठाऊक होती. चंदन स्वतः उगाळायचे. देवांना ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा शिवून घेतला होता. त्याच देवांसमोर ते दादाला मारायचे.

संध्याकाळी आम्हा दोघांना स्तोत्र म्हणायला बसवत. दादा अडखळला की पट्टी, कधी बेल्ट. मारून झालं की हात धुऊन आरती करत आणि माझ्याकडे वळत. "आता तू म्हण. ऐकू दे ह्याला." मी एक अक्षर चुकायची नाही. चुकले तर माझ्याही पाठीवर पट्टी बसेल, एवढं मला कळत होतं. मग बाबा प्रसादाचा पेढा मला देत.

आता बाबा थकलेत. गाझियाबादला दादाकडेच असतात. गेल्या महिन्यात मी मुलीला घेऊन तिथे गेले. ती दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहते, साहित्य शिकते. चहा पिताना ती अभ्यासाला लावलेल्या कादंबरीबद्दल सांगू लागली. त्यातला बाप फार देवभक्त आणि मुलांना गुरासारखं मारणारा.

"मामा, असं खरंच कोणी असतं का, यार?"

मी घाईने म्हणाले, "अगं, कादंबरीत वाढवून लिहितात."

दादाने कप खाली ठेवला. उठून बाबांच्या खोलीचं दार हलकेच लोटलं. ते झोपले होते.

"असतात," तो तिला म्हणाला. "तुझे आजोबा होते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू एकदा तरी चुकायचं होतंस गं."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, मी लहान होते, घाबरलेली होते, असं काहीतरी म्हटलं असतं. मी कप उचलून बेसिनकडे गेले.

परतताना मेट्रोत मुलगी माझ्या शेजारची जागा सोडून दाराशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. "बाबांना थोडे दिवस माझ्याकडे पाठव."

तो म्हणाला, "नको. तुझ्याकडे ते खूश राहतील. इथे त्यांना रोज माझं तोंड बघावं लागतं."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.