तांब्याशेजारचा कॅमेरा

आमच्या घरात कॅमेरा आला तो चोरासाठी नव्हे, आईसाठी. चोराला एवढा मान आमच्यात कुणी दिला नसता.

वडील गेल्यावर आई लातूरच्या घरात एकटीच राहत होती. एकटी म्हणजे तळमजल्यावर एकटी. वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली भाड्यानं राहायच्या. आमची गल्ली तोवर साफ बदलली होती. पूर्वी जिथं गोठे होते तिथं अभ्यासिका, जिथं पिठाची गिरणी होती तिथं मेस, आणि प्रत्येक खांबावर हसऱ्या टॉपरांचे फोटो. मी आणि ताई दोघंही नांदेडला, मी विष्णुपुरीच्या बाजूला आणि ताई गावात. आईनं आता नांदेडला यावं असं ताईचं ठाम मत होतं. तिनं खोलीसुद्धा सजवून ठेवली होती. पलंग, देवांसाठी फळी, खिडकीला जाळी. आईनं ती खोली एकदा पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. पाहुण्यांना होईल."

भांडण पेटलं ते आईच्या गुडघ्यांवरून. न्हाणीघरात एकदा तिचा पाय घसरला होता. ही गोष्ट तिनं आमच्यापासून लपवली आणि वरच्या मुलींनी निरागसपणे फोडली. मग मी मध्यस्थ झालो. आमच्या घरात मध्यस्थ म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा. मी म्हणालो, कॅमेरा लावू. आम्हाला नांदेडहून ती दिसेल आणि तिचं घरही सुटणार नाही.

ताईनं अट घातली, "चालेल. पण एकदा जरी पडलीस, एकदा जरी फोन उचलला नाहीस, तर मी गाडी घेऊन येणार आणि घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

"हाव," आई म्हणाली. "ये की. चहा घेऊन परत जा."

पण तिनं मान्य केलं होतं, आणि दिलेला शब्द आई मोडत नाही. म्हणजे आता तिचं घर एका प्लास्टिकच्या डोळ्यावर टांगलेलं होतं.

तो डोळा घेऊन मी लातूरला गेलो. पांढरा, गोल डोक्याचा, दोन्ही बाजूंना मागं कललेले काड्यांसारखे दोन अँटेना. आई म्हणाली, "ह्याला कान हायेत." वायफाय वरच्या मुलींचं होतं, राउटर जिन्याच्या वळणावर. मुलींनी पासवर्ड सांगितला, त्याचा अर्थ 'याच वर्षी' असा होता. मागच्या वर्षीही तोच होता म्हणे. त्या एका राउटरची फोनवर दोन नावं दिसत होती. कॅमेऱ्याला त्यातलं एकच पटत होतं, ते कोणतं हे तो सांगत नव्हता. मी फोनवर क्यूआर कोडची चौकट आणून त्याच्या तोंडासमोर धरायचो, नवरदेवासमोर आरसा धरल्यासारखा. तो टुंग करायचा आणि आतून एक बाई काहीतरी फाडफाड इंग्रजी बोलायची.

"ही कोण?" आई.

"मशीन आहे, आई."

"मग मराठीत बोलायला काय होतंय तिला? लातुरात आलीय ना."

शेवटी ती बाई राजी झाली, हिरवा दिवा लागला. फोनवरून कॅमेऱ्याची मान फिरवता येत होती, त्यातून बोलताही येत होतं. हलत्या माणसामागे आपोआप मान फिरवायची सोयही होती. ती आईनं जागच्या जागी बंद करायला लावली. "मी पाणी प्यायला उठले की हा मागं बघणार? सासऱ्यांनीसुद्धा असं बघितलं नव्हतं." जुळणी झाल्यावर मी ताईच्या फोनलाही परवानगी दिली. मध्यस्थानं निःपक्षपाती असलं पाहिजे.

प्रश्न राहिला जागेचा. बाहेरच्या खोलीत प्लग एकच, तो लोखंडी कपाटामागं. म्हणजे कॅमेरा कपाटावर. आणि कपाटावर तांब्या होता.

हा तांब्या समजला पाहिजे. भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या पहाटे आईनं आम्हाला अंथरुणासकट बाहेर ओढलं. आमचं घर उभं राहिलं, भिंतीला फक्त एक भेग. पण आईचं माहेर औसा तालुक्यातलं. पुढं कितीतरी दिवस तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "कोण भाईर पडलं?" आत कोण राहिलं हे ती कधी विचारत नसे. जी नावं सांगितली जात नसत, त्यांतून तिला ते कळायचं. त्या दिवसांत जमीन पुन्हापुन्हा थरथरायची, आणि घरोघरी लोक भांड्यांची उतरंड रचून ठेवायचे. तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा. जरा हाललं की खणखणाट, आणि माणसं अंगणात. हळूहळू सगळ्यांनी आपापली भांडी परत स्वयंपाकघरात नेली. आईनं नेली नाहीत. आमच्या कपाटावर ती उतरंड उभीच राहिली. पुसायला काढायची, पुन्हा रचायची. वरच्या खोल्यांत नवी मुलगी राहायला आली की भाड्याच्या आधी तिला नियम सांगितले जायचे. भांडं वाजलं की उतरायचं. पुस्तक नको, फोन नको, चप्पल नको. मुली माना डोलवायच्या आणि जिन्यात हसायच्या.

"तांब्या हलणार न्हाई," आई म्हणाली. "तुझा डोळा शेजारी बसव."

बसवला. समोर बघताना त्याचे कान तांब्यापासून चांगले लांब होते.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. आई निवडत बसलेली दिसायची, पोथी वाचताना दिसायची, कपडे बदलायचे असले की कॅमेऱ्यावर टोपडं घालायची. मी "आई, जेवलीस का?" असं भिंतीतून विचारलं की ती वर न बघता म्हणायची, "देव बोलला." ताई मात्र निराश होत चालली होती. "समोरच्या खोलीत काय दिसणार? पडायची जागा स्वयंपाकघर आहे."

मग तो रविवार. दुपारची वेळ, मुली टेस्ट देऊन येऊन झोपलेल्या. मी सहज फोन उघडला. आई दिवाणावर बसून वाती वळत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत चित्र सरकायला लागलं.

मी बोट लावलं नव्हतं. खोली आपोआप उजवीकडे वळत होती. दिवाण गेला, आई गेली, कॅलेंडर आलं, स्वयंपाकघराचा दरवाजा आला. मग कर्रर्र असा आवाज, आणि त्यानंतर जो खणखणाट झाला तो मी त्या भूकंपाच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. चित्रानं कोलांटी घेतली. आता फक्त छत दिसत होतं आणि बंद पंखा.

"भूकंप," आई म्हणाली. ओरडली नाही, म्हणाली. बातम्यांत सांगतात तसं.

माझी नजर पंख्यावर गेली. आमच्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, जमीन हलली का हे पंख्याला विचारायचं. पंख्याची दांडी सरळ, जागच्या जागी, ढिम्म. मी बटण दाबून बोललो, "आई, काही झालेलं नाही, पंखा बघ." पण तिचा आवाज आता जिन्याकडून येत होता. "पोरींनो, उतरा. सोडा ते. उतरा म्हणते ना." ज्या गुडघ्यांवरून सगळं भांडण पेटलं होतं, ते गुडघे जिना चढत होते. मला एकेक पायरी ऐकू येत होती. मग धाडधाड काहीतरी जिन्यावरून खाली आलं, एक मुलगी किंचाळली, "आजी!" आणि फोनवर पंखा थिजला. खाली अक्षरं आली, डिव्हाइस ऑफलाइन.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारच्या सरांना लावला, तर त्यांचा व्यस्त. तेवढ्यात ताईचा फोन. "गाडी काढ," एवढंच. ती काही विचारत नव्हती, आणि मला ते विचित्र वाटलं.

तिला गावातून घेतलं आणि आम्ही लोह्याच्या रस्त्याला लागलो. ती आईला फोन लावत होती, मी गाडी हाणत होतो, आणि मला सारखी ती पायऱ्यांवरची धाडधाड ऐकू येत होती. शेवटी मी विचारलं, "ताई, तू तेव्हा कॅमेरा उघडला होतास का?"

"समोर बघून चालव."

"मान कोण फिरवत होतं?"

"ट्रक आहे पुढं."

ट्रक बराच लांब होता. जरा वेळानं ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओटा ओला असतो तिचा. तेवढंच बघणार होते." आणि मग अगदी हळू, "पडली असेल तर माझ्यामुळं."

मला तिला टोमणा मारायचा होता, तो मी चहाच्या टपरीपर्यंत राखून ठेवणार होतो. पण तिचा चेहरा बघून तो तिथंच सोडला.

लोहा मागं पडलं तेव्हा एका अनोळखी नंबरवरून माझा फोन वाजला. ताईनं स्पीकरवर घेतला.

"हॅलो, तुमच्याकडं जाणवला का?" आई विचारत होती.

ताईनं फोन माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणालो, "आई, तू कशी आहेस?"

"मी कशी असणार? भाईर हाय. पोरी भाईर हायेत. गॅस बंद केला, उतरताना जिन्यातला मेन स्विच पाडला. वरची एक पोरगी उठतच नव्हती, पुस्तकावर डोकं ठेवून. तिला आणायला गेले तर तिची बादली आली खाली. ताई कुठंय? ती भाईर पडली का?"

"पडले गं," ताई म्हणाली. डोळे पुसत होती. "पार लोह्यापर्यंत बाहेर पडलेय."

आम्ही पोचलो तर गल्लीत जत्रा होती. आईचं ऐकून शेजारचे उतरले, त्यांचं बघून मेसवाले, मेसवाल्यांचं बघून अख्खी अभ्यासिका. सगळे आपापल्या गावाला फोन लावत होते. मुखेडला जाणवला का, देगलूरला जाणवला का. आणि देगलूरकडच्या एका मुलीच्या काकांनी जाणवला म्हणून सांगितलंही होतं. आई मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर, भोवती अनवाणी मुली. आता त्यांच्यातलं कुणी हसत नव्हतं.

ताईनं तिला मिठी मारली आणि लगेच वकिली सुरू केली. "जिना चढलीस. बादली तुझ्या अंगावर आली असती म्हणजे? हे बघूनच मी म्हणते, चल."

"आली का अंगावर?"

"आली असती."

"आणि फोन उचलला नाहीस," ताईच पुढं म्हणाली. अट अटच होती. आईचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उतरलेला पाहिला. तिनं घराकडं पाहिलं, वर खिडक्यांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "न्हाई उचलला. खरंय." शब्द तर शब्द. ती उठली, बॅग भरायला जावं तशी आत गेली. आम्ही मागोमाग.

पण आई आधी कपाटाशी गेली. कॅमेरा उताणा पडला होता, त्याच्या एका कानात चमचा अडकलेला. ती खूप वेळ बघत राहिली. मग पंख्याकडं पाहिलं. मग आमच्याकडं.

"ह्याची मान कुणी फिरवली?"

मीही पंख्याकडं बघू लागलो. असला क्षण आयुष्यात मिळत नाही, आणि मी तो बिघडवणार नव्हतो.

"मी," ताई म्हणाली.

आईनं चमचा सोडवला, पदरानं पुसला. "नांदेडात बसून लातूर हलवलंस," ती म्हणाली. "आणि तुझ्या घरी मी सुखरूप राहणार."

ताई हसली नाही. खाली बसली आणि वाटी शोधायला लागली. वाटी घरंगळून दिवाणाखाली गेली होती. तिनं ती आईच्या हातात दिली, मग पेला दिला. आईनं तांब्या ठेवला, त्यावर पेला, त्यावर वाटी, वर चमचा. बॅग भरायचं कुणी बोललं नाही. जाताना दारात ताई एवढंच म्हणाली, "निदान फोन कमरेला लाव." आणि आईनं "हाव" म्हटलं.

कॅमेरा अजून आहे. मी त्याचे कान दोऱ्यानं बांधले, आणि आईच्या सांगण्यावरून त्याचं तोंड समोरच्या भिंतीतल्या फळीकडं केलं, कारण तांब्या आता तिथं राहतो. "मला काय बघता," ती म्हणाली. "तो उभा असला की मी उभी आहे असं समजा." रोज सकाळी मी विष्णुपुरीत आणि ताई गावात, दोघंही चहा पिता पिता एका तांब्याकडं बघत बसतो. कधीतरी बाजूनं एक हात येतो, चमचा जरासा सरळ करतो आणि आमच्याकडं बोट हलवून निघून जातो.