कंपाइलला किती वेळ लागेल

धान खरेदी करणाऱ्या एका सहकारी संस्थेत मी नोकरीला लागले, तेव्हा कॉम्प्युटर माझ्याआधीच तिथे येऊन बसला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि भंडाऱ्यात असं यंत्र जवळून पाहिलेली माणसं थोडी होती. संस्थेने ते नागपूरहून आणलं, वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं, आणि मग ते चालवायलाही कोणीतरी लागतं हे लक्षात आलं. मी कोर्स केला होता, इंग्रजी शाळेत शिकले होते आणि फार बोलत नसे. व्यवस्थापकांना या तिन्ही गोष्टी यंत्राशी जुळणाऱ्या वाटल्या.

नेमणूक तात्पुरती होती. संचालकांना यंत्र पसंत पडलं नाही तर ते परत जाणार होतं, आणि त्याच्यासोबत मीही. घरी दोन स्थळं सांगून आली होती. नोकरी आहे तोवर विषय काढायचा नाही, एवढं वडिलांनी मान्य केलं होतं.

कोणत्या गावातून किती धान आलं याची यादी यंत्राने करून द्यायची, एवढंच काम होतं. त्यासाठी मी लिहिलेला प्रोग्राम इंग्रजीसारख्या ओळींत असे. तो यंत्राला तसा कळत नाही. आधी त्याच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो, त्याला कंपाइल म्हणतात. एक शब्द बदलला तरी सगळं पुन्हा कंपाइल. आणि संचालक बदल सुचवतच असत. आसगावच्या संचालकांना यादीत आसगाव वर हवं होतं. सानगडीचे संचालक काही सुचवत नसत. ते आपलं गाव सापडेपर्यंत कागदावरून बोट खाली नेत आणि मग माझ्याकडे बघत.

कंपाइल चालू असताना पडदा काळा राहायचा. फ्लॉपीचा लाल दिवा लागायचा, विझायचा. किती झालं, किती राहिलं, काही कळत नसे. मी आधी लहान प्रोग्राम लावून पाहिले, मग मोठे. ओळी दुप्पट झाल्या की वेळ दुपटीहून जास्त लागतो, कारण यंत्राची स्मरणशक्ती भरते आणि ते उरलेलं फ्लॉपीवर ठेवायला जातं. हे समजल्यावर माझे अंदाज चुकेनासे झाले. यादीच्या प्रोग्रामला पाऊण तास लागे. मध्येच लाइन, म्हणजे वीज, गेली तर पुन्हा पहिल्यापासून. दुपारी दोनला लाइन जायची, हे त्या ऑफिसातलं एकमेव वेळापत्रक होतं.

पहिल्या सभेच्या दिवशी व्यवस्थापकांनी विचारलं, "मॅडम, किती टाइम लागन?"

"पाऊण तास."

हे मी खरं सांगितलं, तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे वेळ सांगण्याची आणि ऐकण्याची एक रीत आहे. पाच मिनिटं म्हणजे चहा पिऊन या. पंधरा मिनिटं म्हणजे पाऊण तास. अर्धा तास म्हणजे जेवूनही या. तासभर म्हणजे उद्या. शिंपी, सुतार, तहसील कचेरी, सगळे याच हिशेबाने बोलतात आणि कोणी कोणाला खोटं म्हणत नाही. आमच्या शाळेत घंटा होती, त्यामुळे ही रीत माझ्यापर्यंत पोचली नव्हती. व्यवस्थापकांनी माझा पाऊण तास रीतीप्रमाणे वाढवून संचालकांना जेवायला पाठवलं. ते अडीचला आले. यंत्र अंधारात होतं. छापून ठेवलेली यादी मी पुढे केली.

"हे तं टाइप केल्यावानी दिसते," आसगावचे म्हणाले.

अध्यक्षांनी काळ्या पडद्यात आपला चेहरा पाहिला. "पुढच्या सभेत डोळ्यासमोर करून दाखवा. नाई तं वापस पाठवू."

पुढच्या सभेला आसगाव वर न्यायचं होतं, म्हणजे कंपाइल आलंच. मी साडेबाराला ते लावलं आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "पंधरा मिनिटं."

मधल्या काळात व्यवस्थापकांनी त्या यादीवर छापलेली वेळ पाहिली होती आणि माझा पाऊण तास खरोखर पाऊण तास होता हे त्यांना कळलं होतं. मला मात्र हे माहीत नव्हतं. ते सभेत जाऊन म्हणाले, "मॅडम बोलली म्हंजे घड्याळ. चला." पंधरा मिनिटांत सातही संचालक माझ्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसले होते. अर्धा तास बाकी होता. हे सांगण्यासाठी मला मान वळवावी लागली असती. मी वळवली नाही.

पडदा काळाच राहिला.

"झोपलं का जी थे?" सानगडीच्यांनी विचारलं.

"नाई, वाचून राहिलं," व्यवस्थापक म्हणाले.

"काय वाचते?"

"मी लिहिलेलं," मी पडद्याला सांगितलं.

"मंग मॅडमचं अक्षर खराब असन."

सगळे हसले, अध्यक्ष सोडून. ते गुडघ्यांवर हात ठेवून लाल दिव्याकडे बघत होते. मी पंख्याकडे बघत होते, कारण लाइन गेली की आधी पंखा मंद होईल. तो फिरत राहिला. सव्वाच्या सुमाराला पडद्यावर चुकांचा आकडा आला.

"शून्य?" आसगावचे उठून उभे राहिले. "इतका वेळ बसून शून्य?"

"शून्य चुका आहेत जी त्या," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली. "आपला काटेवाला पोतं टेकवलं का आकडा बोलते. हे पूर्ण पोटात घेते, मंग बोलते. राहू द्या याले."

ते सगळे चहाला शेजारच्या खोलीत गेले. मग मी प्रोग्राम चालवला. साऱ्या गावांच्या धानाची बेरीज त्यांचे कप भरून होण्याआधीच झाली. ती बघायला कोणी आलं नाही. मीही बोलावलं नाही.

त्याच सभेत माझी नेमणूक कायम झाली. शिवाय एक ठराव झाला, की यापुढे प्रत्येक सभेत कंपाइल सर्व संचालकांसमोर करण्यात यावं. पुढे बदल सुचवणंही कमी झालं, पण ठराव ठराव असतो. सभा असली की मी साडेबाराला, काहीही बदललेलं नसताना, तोच प्रोग्राम पुन्हा कंपाइलला लावत असे. ते सातजण येऊन पाऊण तास शांत बसत आणि समाधानाने चहाला जात.