काकांच्या जागी गेलेल्या कोंबड्या

मेश्राम काकांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी कोंबडी केली, तीही स्वतःच्या हातानं. राज्य नवीन, राजधानी नवीन, नागपूरहून बदली होऊन रायपूरच्या चौबे कॉलनीत आलेला मीही नवीन. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर छाप पाडायची होती. काकांनी वाटीकडे पाहिलं, हात जोडले, वाटी हळूच बाजूला सरकवली आणि नुसता वरणभात खाल्ला. माणूस शाकाहारी आहे असं मी ठरवून टाकलं आणि कॉलनीभर सांगितलंही. पुढच्याच रविवारी मटणाच्या दुकानात काका माझ्या पुढे उभे.

"काका, तुम्ही तर खात नाही ना?"

"कोण म्हणते? बकरा खातो, मासोळी खातो. कोंबडी नाही खात."

"काहून?"

"त्या माझ्या जागी गेल्या."

रांग पुढे सरकली. मी तिथंच.

गोष्ट त्यांनी नंतर चहावर सांगितली. काका तरुणपणी आसामात एका खाजगी कंपनीत होते. महायुद्धातून उरलेली डाकोटा विमानं डोंगरांतल्या चौक्यांना तांदूळ आणि मीठ पोहोचवत. पोती चढवायची, दोरानं आवळायची आणि सामानासोबत वर जायचं, हे काकांचं काम. एका सकाळी ते पोत्यांवर बसून होते, इंजिनं सुरू झाली होती, आणि तेवढ्यात कोण्या साहेबासाठी कोंबड्यांची दोन खुराडी आली. पायलट म्हणाला, वजन जास्त होतंय, खुराडी तरी उतरतील नाहीतर मेश्राम तरी. साहेबाच्या कोंबड्या कशा उतरतील? मेश्राम उतरले, चांगल्या शिव्या देत. विमान डोंगराला धडकलं. पायलट, त्याचा जोडीदार, रेडिओवाला, तिघंही गेले.

"ते तिघं तर जाणारच होते, ड्यूटी होती त्यांची," काका चहा फुंकत म्हणत. "कोंबड्यांले काय घेणंदेणं होतं? त्या बिचाऱ्या पहिल्यांदाच बसल्या विमानात."

इथं हसायचं की नाही, ते मला कधी ठरवता आलं नाही. काका स्वतः हसत, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसत.

रस्त्यानं उलट्या टांगलेल्या कोंबड्यांची सायकल गेली की त्यांचा हात कपाळाला जाई. एका सायकलवाल्याला वाटलं, सलाम आपल्यालाच आहे. तेव्हापासून तो रोज लांबूनच "जोहार, बाबूजी" म्हणायचा. काकांनी त्याचा गैरसमज काढला नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वजनानं कोणी मरत नाही, वजन लपवल्यानं मरते." हे ते लग्नांना लावत, सरकारी बढत्यांना लावत, आणि मी पोट आत ओढून उभा असलो की मलाही.

काकू आधीच गेलेल्या. एकुलती मुलगी, संध्या, दिल्लीला. एका सकाळी जावयाचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच त्रास सुरू झालाय, संध्याकाळी ऑपरेशन आहे, आणि ती सारखी बाबांना बोलवा म्हणतेय. गाडीनं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला असता. विमान दुपारचं होतं. डाकोटातून उतरल्यापासून काका विमानात बसले नव्हते. मी तिकीट काढलं, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि विमानतळ गाठलं. रस्ताभर ते माझा शर्ट धरून होते.

काउंटरवर बॅग काट्यावर ठेवली. तिच्या मागोमाग काका स्वतःही चढले.

"अंकल, आपका वजन नहीं करते. उतरिए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"लिख ले, बेटी. और दो रोटी खाके आया हूँ, वो भी लिख."

मागची रांग हसली. मीही हसलो, जरा बाजूला सरकून, यांचा-माझा संबंध नसल्यासारखा. मग त्या मुलीनं सगळ्या रांगेलाच विचारलं. विमानात एक जागा कमी पडत होती. कोणी आपली जागा सोडेल का? उद्याचं तिकीट देऊ.

सिलतऱ्याच्या कारखान्यांकडचा एक सफारीवाला लोखंड व्यापारी लगेच काकांकडे वळला. "बाबूजी, अपनी सीट दे दो. मेरी मीटिंग है."

 मी कानाशी लागलो, "काका, आयतं कारण मिळालं. देऊन टाका. संध्याकाळच्या गाडीनं मी येतो सोबत."

काकांनी सफारीवाल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाल-बच्चे हैं?"

"दो हैं."

"तो घर जाओ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदा उतरलो. माझ्या जागी आता कोणालेच पाठवत नाही मी."

आणि हातातली पिशवी छातीशी धरून आत गेले.

इथून गेले ते गेलेच. नातीला सांभाळायला दिल्लीतच राहिले आणि काही वर्षांनी तिथंच, दुपारच्या झोपेत, निवांत गेले. पण त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता.

"पोट्टी झाली. दोघी बऱ्या आहेत. आत नेण्याआधी संध्यानं पाहिलं मले."

"आणि विमान कसं होतं?"

"काय माहीत. डोळे मिटून होतो. बाजूच्या बाईचा हात धरला होता. चांगली होती, काही बोलली नाही."

फोन ठेवून मी बायकोला सगळी हकीकत सांगितली. काकांना धीर कसा मीच दिला, हे जरा रंगवून सांगितलं. त्या भरात संध्याकाळच्या गाडीचंही बोलून गेलो. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमचं ऐकलं असतं, तर काका आत्ता स्टेशनवर समोसा खाऊन राहिले असते, आणि संध्या दाराकडे पाहून राहिली असती."