कुकरची शिट्टी फ्रँकफुर्टला राहिली

बोलिव्हियाला जायचं मी ठरवलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण मी ते खरंच करीन असं कुणाला वाटलंच नव्हतं. नवऱ्याने नकाशा पाहिला, "वा, मस्त" म्हणाला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तो हॅनोव्हरला एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे, सोमवारी पहाटे जातो आणि शुक्रवारी संध्याकाळी येतो. मी आणि मुलं डार्मश्टाटला. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सात. आठवड्यातले पाच दिवस मुलांचा ताप, पोट, शाळा, पोहणं, रुसवेफुगवे सगळं मी एकटी बघते आणि त्याबद्दल कुणाला कधी काळजी वाटलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच्याशिवाय कळणार नाही.

उन्हाळ्याच्या सुटीच्या महिनाभर आधी नवऱ्याच्या कंपनीत नवीन मॉडेलचं काम अडकलं आणि त्याची रजा रद्द झाली. तो फोनवर म्हणाला की आता पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, तू पुढच्या वर्षी बघ, आम्ही या वर्षी बघून येतो.

मग सुरू झालं. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. एकटी बाई, दोन पोरं, तो कुठला देश, तिथे म्हणे हवा विरळ असते, श्वास लागतो. माझ्या आईनेही त्यांचीच री ओढली. ऑफिसमधली जर्मन सहकारी "मूटिश" म्हणाली. या शब्दाचा अर्थ धाडसी असा असला, तरी ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरात त्याचा अर्थ वेडी असा होता. मुलांच्या डॉक्टरांना मात्र मी मुद्दाम भेटून आले. त्यांनी दोघांना तपासलं, आधी सखल भागात राहा, हळूहळू चढा, त्रास वाढला तर लगेच खाली उतरा, असं सांगितलं आणि प्रवास छान होवो म्हणाले. ज्यांना यातलं कळत होतं ते एवढंच म्हणाले. ज्यांना कळत नव्हतं ते तासन् तास बोलले.

मुलं एका पालकाबरोबर प्रवास करणार, म्हणून नवऱ्याचं संमतीपत्र बरोबर ठेवावं लागतं. त्याने सही केली. दोन वर्षांपूर्वी तो दोघांना घेऊन पुण्याला गेला होता, तेव्हा माझं संमतीपत्र न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. उलट सगळे त्याचं कौतुक करत होते, किती करतो हो मुलांचं.

माझा हट्ट नवा नव्हता. कॉलेजात असताना हिमालयात ट्रेकला जायचं होतं, तर वडील म्हणाले लग्नानंतर नवऱ्याबरोबर जा. लग्नानंतर नवरा म्हणाला जरा स्थिरस्थावर होऊ दे. मग मुलं झाली आणि मुलांमुळे नको झालं. उंचावरच्या ओसाड, मोकळ्या जमिनीचं मला लहानपणापासून वेड आहे, ते का ते मला सांगता येत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही. पण एक मला स्वच्छ कळत होतं. या खेपेला गेले आणि मुलांना काही झालं, तर या घरात माझ्या शब्दाला पुन्हा किंमत राहणार नाही. आणि गेलेच नाही, तरीही राहणार नाही. मग जाऊन बघायला काय हरकत होती?

मी छोटा कुकर बरोबर घेतला. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण पुरतं तापत नाही, त्यामुळे उघड्या भांड्यात भात शिजत नाही, हे मी वाचलं होतं. शिवाय माझा मुलगा आजारी पडला की वरणभाताशिवाय कशालाही तोंड लावत नाही. मोठी बॅग गरम कपड्यांनी भरली होती, म्हणून कुकर हातातल्या बॅगेत आला. आत रिकामी जागा कशाला सोडायची म्हणून त्यात मेतकूट, हळद आणि हिंगाची डबी बसवली. नवरा म्हणाला, "अगं, टूर कंपनीच्या महाराजांसारखी काय निघालीस?" मुलीने नुसते डोळे मिटून घेतले.

मुलीचं आणि कुकरचं जुनं वैर. तिच्या वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात शिट्टी झाली. एकीने घाबरून विचारलं, आग लागल्याचा अलार्म आहे का? सगळ्या हसल्या. तेव्हापासून मैत्रिणी यायच्या असल्या की ती आधी येऊन सांगे, "मामा, बिट्टे, कुकर नको." जर्मनमध्ये मामा म्हणजे आई आणि बिट्टे म्हणजे प्लीज. तिच्या मराठीत एवढी तीनचार वाक्यंच उरली होती, आणि त्यातलं एक हे 'कुकर नको'. बाकी सगळं मी मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत बॅग अडली. अधिकाऱ्याने कुकर बाहेर काढला, झाकण उघडलं, आणि हिंगाने आपलं काम केलं. तो एक पाऊल मागे सरला. मग त्याने शिट्टी काढून उलटीपालटी करून पाहिली, सहकाऱ्याला दाखवली. मी समजावून सांगत होते की यात भात शिजतो. मुलगी तोवर दहा हात लांब जाऊन, कानात हेडफोन घालून, आमचा तिचा काही संबंध नाही अशी उभी होती. मुलाला शू लागली. मागच्या रांगेतल्या माणसाने सुस्कारा टाकला. मी भराभर कुकर बंद करून बॅगेत कोंबला आणि निघाले. शिट्टी तिथल्या ट्रेमध्ये राहिली, हे मला बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात पोचल्यावर कळलं.

आधी आम्ही सखल भागातल्या सांता क्रूझमध्ये राहिलो. तिथे मुलांनी पपई खाल्ली, मी उकाड्याने चिडून त्यांच्याशी भांडले, सगळं छान होतं. मग ला पाझला गेलो. डोंगराच्या खोलगट कुशीत ते शहर चहूबाजूंनी वर चढत गेलंय, आणि पलीकडे बर्फाचा डोंगर. विमानतळावरून खाली शहरात उतरताना मी वाटेत थांबून पाहत राहिले आणि मला रडू आलं. हे मी का सांगते, तर त्या रडण्याला नंतर बऱ्याच जणांनी भीती असं नाव दिलं. ती भीती नव्हती. मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मुलाचं डोकं दुखायला लागलं. मग उलटी. मग अंथरुणात तोंड खुपसून तो गप्प पडला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर एक छोटी जागा भाड्याने घेतली होती, मालकाने किल्ली दिली आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी गेला. मी फोन करून इंग्रजी येणाऱ्या एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, छाती तपासली. उंचीचा त्रास आहे, पण सौम्य आहे, म्हणाले. विश्रांती, भरपूर पाणी, हलकं खाणं, आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली न्यायचं. संध्याकाळी पुन्हा येऊन बघतो म्हणाले.

मी नवऱ्याला कळवलं, आणि ते लगेच पुण्याला पोचलं. नवरा तिकिटं बदलायच्या मागे लागला. सासूबाई फोनवर आल्या त्या रडतच. पोराला उचल आणि परत ये, म्हणाल्या, आम्ही सांगत होतो. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "अहो आई, खाली न्यायची वेळ आली तर मी तासाभरात नेईन. पण तुम्ही घाबरलात म्हणून नेणार नाही." आणि फोन ठेवला. सासूबाई बोलत असताना फोन ठेवायची ही माझी पहिलीच वेळ. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

भांडणात जिंकले, पण पोरगा उपाशीच होता. सूप नको, पाव नको, केळं नको. वरणभात हवा. मी कुकर काढला, आणि तेव्हा दिसलं की झाकणावर शिट्टी नाही. सगळी बॅग उपसली. मग उघड्या पातेल्यात भात लावला. पाणी खळखळा उकळलं, आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. दाणा बाहेरून गाळ आणि आतून कच्चा. मुलाने एक घास तोंडात घेतला, हळूच बाहेर काढला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. त्या क्षणी नवऱ्याने पुन्हा फोन केला असता, तर मी हो म्हटलं असतं.

मुलगी खिडकीत उभी होती. "मामा," ती म्हणाली, "कोम माल." जरा इकडे ये. मी उठून गेले. खाली फुटपाथवर, आमच्या दाराच्या थोडं पुढे, एका बाईने प्लास्टिक अंथरून दुकान मांडलं होतं. शेगडीचे बर्नर, नळ्या, आणि रबराच्या काळ्या रिंगा. कुकरच्या रिंगा. पुण्यात तुळशीबागेच्या कुठल्याही गल्लीत दिसाव्यात तशा. आणि मला एकदम उमगलं, की अरे, इथे तर घरोघरी कुकर असणार. या उंचीवर त्याशिवाय कुणाच्या घरी काय शिजणार?

मुलाला सोडून मला जाता येईना. आणि मला स्पॅनिश येत नाही. मुलीला शाळेत दोन वर्षं आहे. मी तिला काही म्हणायच्या आत तिने ओट्यावरचं झाकण उचललं. "इश गेऽ," म्हणाली. मी जाते.

मी खिडकीतून पाहत राहिले. माझी मुलगी, जी कुकरपासून दहा हात लांब उभी राहायची, ती भर रस्त्यात दोन्ही हातांनी त्याचं झाकण धरून उभी होती. बोलत होती. हाताने काहीतरी वर उडाल्यासारखं करून दाखवत होती, मग गाल फुगवून शिट्टीचा आवाज काढला असावा, कारण ती बाई खदखदून हसली. शेजारची फळवाली उठून आली. आणखी एक आजी थांबली. तिघींनी झाकण हातात घेऊन पाहिलं. एक शिट्टी बसेना, दुसरी बसेना, तिसरी बाईने लावली, हलवून पाहिली, काढली, फुंकून साफ केली, पुन्हा लावली. मुलगी हसत होती. त्यांच्यावर नाही, त्यांच्याबरोबर. तिने एकदाही वर पाहिलं नाही. ते बरंच झालं, मी रडत होते.

वर येऊन तिने झाकण माझ्या हातात दिलं आणि दुकानवाल्या बाईचा निरोप सांगितला, की ही शिट्टी तुमच्या कुकरला जरा हलकी आहे, पाणी जास्त घाला. ती शिट्टी वाजली नाही. तिकडच्या शिट्ट्या वाजत नाहीत, झाकणावर नुसत्या खुडखुड नाचतात. मी शिट्ट्या मोजणारी बाई, किती वेळ ठेवायचं तेच कळेना. शेवटी अंदाजाने गॅस बंद केला. तिथल्या मसुरीचं वरण, मऊ भात, वर मेतकूट. मुलगा उठून बसला. सावकाश खाल्लं, मग आणखी मागितलं. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा तो बहिणीशी पत्त्यांवरून भांडत होता.

आम्ही परत आलो नाही. चार दिवस त्या जागेत निवांत राहिलो, मग डॉक्टरांना विचारून तिथल्या मोठ्या सरोवराकडे गेलो, मग मिठाच्या मैदानावर. पांढरंशुभ्र, क्षितिजापर्यंत सपाट, वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नाही. मुलगा मीठ चाटून बघत होता. मुलगी काठावर बसलेल्या एका कुटुंबाशी गप्पा मारत होती. मी मध्ये उभी राहिले आणि वडिलांना, नवऱ्याला, सगळ्यांना मनातल्या मनात म्हटलं, बघा, आले.

डार्मश्टाटला परत आल्यावर पहिल्याच रविवारी पुण्याला सासूबाईंशी व्हिडिओ कॉल झाला. नवरा घरी होता, सोफ्यावर मुलाला मांडीवर घेऊन. मुलीची मैत्रीण जेवायला आली होती. गॅसवर कुकर खुडखुडत होता. नवऱ्याने फ्रँकफुर्टच्या भारतीय दुकानातून नवी शिट्टी आणली होती, पण मुलीने ती ड्रॉवरमध्ये टाकली. तिची शिट्टी तिने शोधली होती, ती बदलायची नाही. मैत्रिणीने हा कसला आवाज म्हणून विचारलं, तेव्हा मुलगी तिला ओट्यापाशी घेऊन गेली आणि सगळी गोष्ट सांगायला लागली.

सासूबाईंनी मुलाला डोळे भरून पाहिलं. माझ्यावरचा राग निवळला होता असं नाही, पण त्या मायेनेच बोलत होत्या. म्हणाल्या, "देवाने राखलं गं. नशीब म्हणून धडधाकट परत आलात सगळे. पुन्हा असलं काही करू नकोस."

नवरा मान हलवत होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण गोष्ट अर्धवट टाकून मुलगी सोफ्यापाशी आली आणि तिने बापाच्या हातातून फोन घेतला. आजीशी ती एरवी हात हलवण्यापलीकडे जात नाही, कारण आजीला जर्मन येत नाही. ती थांबली. शब्द शोधत होती, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"आजी," ती म्हणाली, "नशीब नाही. आई होती."

मी जाऊन गॅस बंद केला.