खोट्या औषधांचे खरे कागद

एक विचारू? तब्येतीच्या बाबतीत तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? घाईघाईत तपासून गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर, की रोज सकाळी हात जोडून "माऊली, कशी आहे तब्येत?" असं विचारणाऱ्या माणसावर?

लगेच उत्तर देऊ नका. माझ्या आईनं लगेच दिलं होतं, आणि ते आम्हाला चांगलंच महागात पडणार होतं. पण तिच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागेल, कारण वाटेत माझा स्टॉल आहे.

इथं आयर्लंडमध्ये, डब्लिनलगतच्या ल्यूकनजवळ, चर्चच्या एका पॅरिश हॉलमध्ये रविवारचा बाजार भरतो. तिथं मी जुन्या जाहिराती विकतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या मासिकांतली पानं, फ्रेम करून. कंबर मुठीत मावेल असं सांगणारी कॉर्सेट, पिसांच्या टोप्या, फुग्यांच्या बाह्या. आणि त्यांना खेटूनच रक्तशुद्धीच्या गोळ्या, केसांची टॉनिकं, फिकट चेहऱ्यावरचे रामबाण उपाय! थोडक्यात, मी खोट्या औषधांचे खरे कागद विकतो.

अशा धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक पावसातून येतं, छत्री टेकवतं, गप्पा मारतं, जाताना छत्री घेऊन जातं आणि किस्सा विसरून जातं. माझ्याकडे ढीग साठलाय.

* * *

तसा मी साडीवाला. बारावीनंतर सांगलीत मामाच्या दुकानात गादीवर बसलो तो पंधराएक वर्षं उठलोच नाही. मग बायकोला, मेधाला, इथं सॉफ्टवेअरची नोकरी लागली. तिच्यामागे मी आलो. इथं मला काय येत होतं? कापड ओळखणं आणि बोलणं. एका लिलावात चहाचा सेट घेतला, त्याच्याबरोबर जुन्या मासिकांच्या रद्दीचं एक खोकं गळ्यात पडलं. चहाचा सेट अजून कपाटात आहे, खोक्यावर संसार चाललाय!

मामाची एक शिकवण होती. साडी दाखवताना तिची उलटी बाजू आधी दाखवायची. गिऱ्हाइकानं मागायच्या आत. म्हणून माझ्या फ्रेमला दोन्हीकडून काच असते. जाहिरातीच्या मागे काय छापलंय ते दिसलं पाहिजे.

माझ्या शेजारचा स्टॉल ब्रायडीचा. सत्तरी ओलांडलेली बाई, जुने कोट आणि टोप्या विकते. तिनं माझ्याकडून एक कॉर्सेटची जाहिरात घेतली. पुढच्या रविवारी सकाळी मी अजून टेबलही मांडलं नव्हतं, तेवढ्यात ही समोर उभी.

"दारात कोण आहे?"

मी वळून दाराकडे बघितलं. कुणीच नव्हतं.

"तिथं नाही रे! मागच्या बाजूला गोष्ट आहे. ती पोरगी एकटी घरात, वादळ चाललंय, दार वाजतं, ती कडी काढते आणि पान संपतं. दारात कोण आहे?"

मी काय सांगणार? पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हीसुद्धा मामाचीच शिकवण. ढिगामागून ढीग उपसून शेवटी पुढचं पान सापडलं. ब्रायडीनं चष्मा लावला, उभ्या-उभ्या वाचलं आणि पान माझ्या हातात परत दिलं.

"नवरा!" ती म्हणाली. "मी आपली इतके दिवस आशेवर होते!"

* * *

त्या काळात बायकांनी जाड व्हावं म्हणूनही औषधं निघायची. 'आमचं टॉनिक घ्या, अंगावर मांस चढवा.' शेजारी-शेजारी दोन चित्रं. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. आधीची बाई बारीक, नंतरची गोलमटोल आणि हसरी.

मेधा एकदा स्टॉलवर माझा डबा घेऊन आली. जिममधूनच थेट आली होती. त्या फ्रेमसमोर बराच वेळ थांबली. मला वाटलं, चला, घरचं कुणीतरी कौतुक करतंय.

"अरे, हे काय!" ती म्हणाली. "मी जिमला जाते ती या 'आधी'सारखी दिसायला!"

मग डबा उघडून माझ्यातली अर्धी पुरणपोळी तिनंच खाल्ली. 'नंतर'च्या बाईचं हसू बघून म्हणे.

* * *

मंजिरी आमच्या सांगलीची. मेधाच्या मैत्रिणीची धाकटी बहीण. डॉक्टर आहे, मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी करते. तिला मी घरभरणीला एक फ्रेम दिली. 'एकच गोळी! डोकेदुखी, अपचन, निद्रानाश, खिन्नता, पाठदुखी आणि स्त्रियांचे सर्व विकार!' तिनं हौसेनं बाहेरच्या खोलीत लावली.

शेजारचा एक म्हातारा शेतकरी तिला अंडी द्यायला आला. याच्या स्वतःच्या औषधांचा एक मोठा डबा आहे, सकाळच्या गोळ्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. फ्रेमसमोर उभा राहून त्यानं ओळ न ओळ वाचली.

"डॉक्टर," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हे मेडिकल कार्डावर मिळतं का?"

मेडिकल कार्ड म्हणजे इथं औषधं जवळजवळ फुकट मिळवून देणारं सरकारी कार्ड. मंजिरीनं त्याला समजावलं, की आजोबा, ही जुनी जाहिरात आहे, ही कंपनी कधीच बुडाली.

"बुडणारच," म्हातारा म्हणाला. "सगळे बरे झाले असतील!"

फ्रेम आता तिच्या जिन्याखाली आहे.

* * *

आता एक धंद्यातली गंमत. तेव्हाचे छापखाने चित्रांचे ठसे ठेवायचे आणि ज्याला पाहिजे त्याला वापरायला द्यायचे. त्यामुळे एकदा माझ्या हाती तीन वेगवेगळी पानं लागली आणि तिन्हींवर एकच बाई! केसांच्या टॉनिकवर ती कॉर्क शहरातली गृहिणी, टक्कल पडता-पडता वाचलेली. कॉर्सेटवर ती डब्लिनची कुणी बडी बाई. आणि गोळ्यांच्या जाहिरातीत ती मलिंगारची, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, आता ठणठणीत. नावं तीन, गावं तीन, चेहरा तोच. गळ्यातलं लॉकेटसुद्धा तेच!

मी तिन्ही एका फ्रेममध्ये बसवली. नाव दिलं 'तीन बहिणी'.

ब्रायडीनं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "युअर वन गेट्स अराउंड!" 'युअर वन' म्हणजे इकडच्या भाषेत 'ती बया'. बया बरीच फिरलेली दिसते, असं. "कॉर्कमध्ये केस वाढवले, डब्लिनमध्ये कंबर आवळली. अंथरुणाला खिळायला वेळ कधी मिळाला हिला?"

ती फ्रेम मी विकली नाही. स्टॉलच्या मधोमध लावून ठेवली. बरं झालं विकली नाही.

* * *

तर आई.

उन्हाळ्यात ती सांगलीहून आली. बॅग उघडली. मेतकूट, चिवडा, आणि दोघांच्या मध्ये गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि चूर्णाचा भलामोठा डबा. डब्यावर लिहिलेलं, 'गुडघे, साखर, बीपी, केस. एक चूर्ण, संपूर्ण कुटुंब.' मला माझ्याच स्टॉलवर उभं असल्यासारखं वाटलं.

हे सगळं तिला फोनवर भेटलं होतं. पांढऱ्या दाढीचा एक माणूस रोज सकाळी स्क्रीनवर येतो, हात जोडतो आणि तब्येत विचारतो. आई त्याला उलट नमस्कार करते. चहासुद्धा त्याच्यानंतर.

एका शनिवारी मंजिरी जेवायला आली. सहज म्हणून आईचं बीपी बघितलं. मशीन बराच वेळ फुगत राहिलं आणि मंजिरीचा चेहरा उतरला.

"काकू, बीपीची गोळी घेताय ना?"

आईनं छताकडे बघितलं.

"काकू?"

"चूर्ण घेतीया की," आई म्हणाली. "त्यात समदं आलं."

"चूर्णानं बीपी नाही उतरत काकू! धोका आहे. खरंच."

"बाळ, तू नोकरी करतीस. तुला गोळ्या द्यायला शिकीवलंय, तू देतीस. पण हा माणूस मला रोज नमस्कार करतो. तू किती वेळा केलास?"

मंजिरी उठली, वाकली आणि तिनं आईच्या पायाला हात लावला. "घ्या. आता गोळी?"

"औक्षवंत हो," आई म्हणाली. "बघू."

मी मध्ये पडलो. म्हटलं, आई, हा सगळा जाहिरातीचा खेळ आहे, माझा हाच धंदा आहे.

"अरं वा!" आई म्हणाली. "तू शंभर जुन्या जाहिरातींवर घर चालीवतोस, आणि मी एक नवी बघितली तर तुला राग?"



* * *

दुसऱ्या दिवशी रविवार. आई माझ्याबरोबर बाजारात आली. ब्रायडीचे कोट चाचपून बघत होती. मी एका गिऱ्हाइकाला उलटी बाजू दाखवत होतो. मागे धप्प आवाज झाला. वळून बघतो तर कोटांचा स्टँड आडवा, आणि त्याला धरून आई अर्धी खाली!

तिला चक्कर आली होती. ब्रायडीनं, त्या वयात, तिला बगलेत धरून खुर्चीत बसवलं, कोट पांघरला, हात हातात घेतला. "यू आर ग्रँड, लव्ह, यू आर ग्रँड," म्हणजे काही नाही झालं, बरी आहेस, असं म्हणत राहिली. मी मंजिरीला फोन लावला. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जवळच्या डॉक्टरकडे, थांबू नका.

मी गाडीची किल्ली शोधत होतो. आई त्या खुर्चीत बसली होती. तिच्या बरोब्बर समोर 'तीन बहिणी'.

"शिऱ्या," ती हळूच म्हणाली, "ही एकच बाई न्हवं?"

"हो. आपण आधी डॉक्टरकडे जाऊ."

"आन् तिघीच्या खाली नावं येगळी?"

"हो आई. चल."

डॉक्टरनं तपासलं, बीपी वाढलेलं, सुदैवानं बाकी काही नाही. गोळी परत लिहून दिली.  घरी आल्यावर आईनं फोन काढला आणि कोचावर बसून बराच वेळ काहीतरी बघत राहिली. मग हाक मारली.

"हिकडं ये. ही बघ. गुडघं बरं झालेली नाशिकची सुमनताई. ही केस उगवलेली नागपूरची कल्पनाताई. आन् ही साखर गेलेली, हिचं गाव न्हाई दिलेलं."

तिघी एकच! तीच हनुवटी, तोच तीळ.

मला वाटलं, आता रडेल. पण आई ताडकन म्हणाली, "कानातल्या कुड्यासुदिक त्याच! निदान कुड्या तरी बदलायच्या हुत्या मेल्यानं!"

* * *

चूर्णाचा डबा त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेला. मंजिरीला फोनवर आईनं सांगितलं, "गोळी सुरू केली गं. ती सोडून बघितली, रंग गेला."

मंजिरीला काही कळलं नाही. मला कळलं. साडीचा रंग जातो का बघायला पदराचा एक कोपरा भिजवतात. आईनं आयुष्यभर कोपरे भिजवले. यावेळी मात्र सगळी साडीच भिजवायला निघाली होती.

"मग तेलही टाकून देऊ?" मी विचारलं.

"का म्हणून? बाई खोटी हाय. तेल खोटं कशावरनं?"

मी उचललेली बाटली परत टेबलावर ठेवली.

"दोन गुडघं दिल्यात देवानं," ती म्हणाली. "एकच कोपरा भिजवायचा."

मंजिरीनं बाटलीवरचं माझ्याकडून वाचून घेतलं आणि सांगितलं, "बाहेरून चोळायला हरकत नाही, गोळी मात्र चालू." मग आईनं हुकूम सोडला. दोन रिकाम्या बाटल्या आण. एकीत ते तेल, एकीत आपलं घरचं तिळाचं. दोन्हीत कापूर टाक, वास एक झाला पाहिजे. एकीला लाल दोरा, एकीला हिरवा. आणि कुठल्यात काय, ते मला मेलं तरी सांगू नकोस.

लाल उजव्या गुडघ्याला, हिरवी डाव्याला. रोज चोळायचं आणि रविवारी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघायचं. ब्रायडीनं हे बघितलं आणि खुर्चीवर पाय पसरून म्हणाली, "मला पण!" तिचे गुडघे तर आईपेक्षाही जुने. तिला आईनं मुद्दाम उलटं दिलं. लाल डाव्याला, हिरवी उजव्याला.

आता दर रविवारी माझ्या स्टॉलसमोरून या दोघी ये-जा करतात. एकीच्या अंगावर नऊवार, दुसरीच्या अंगावर कुणा मेलेल्या बाईचा फरचा कोट. एकमेकींची भाषा येत नाही, बोलणं एक मिनिट थांबत नाही. पहिल्या रविवारी मधे बसून दम घ्यायच्या, परवा तीन फेऱ्या सलग मारल्या. गिऱ्हाइकं बाजूला होऊन वाट देतात.

परवा दोघींना निकाल विचारला. आईनं उजवा गुडघा थोपटला. ब्रायडीनं डावा. म्हणजे दोघींचं लाल!

मंजिरीचा फोन आला, "दादा, सांगा ना, लाल बाटलीत काय आहे?" मेधानं विचारलं. शेजारच्या पुस्तकवाल्यानं विचारलं. मला माहीत आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.

कारण आईचं अजून संपलेलं नाही. गुडघाच मुळात चांगला असला तर? म्हणून तिनं दोन्ही बाटल्या उचलल्या आणि गुडघे बदलले. आता लाल डाव्याला. ब्रायडीचीही अदलाबदल झाली. ब्रायडी मान डोलवत थर्मासमधला चहा ओतून घेत होती. आईनं तिच्यासमोर बोट नाचवलं आणि मोठ्यानं बोललं की मराठी कळतं अशा विश्वासानं तिला बजावलं,

"आन् ब्रायडीबाई, चहा पिऊन बरं वाटलं तर ते तेलाच्या नावावर टाकायचं न्हाई! हिशोब खरा ठेवायचा!"